गळा आणि गाणारा

ज्याचा गळा गेला त्याचे नेमके काय गेले, हा प्रश्न बडोद्यासारख्या शहरात केवळ तत्त्वचिंतकांपुरता उरत नाही. कारण जिथे १८८६ साली मौलाबक्षांच्या देखरेखीखाली सरकारी गायनशाळा सुरू झाली आणि पुढे फैयाजखाँच्या भरदार, खर्जाकडे झुकलेल्या आवाजावर रसिकांचे कान पोसले गेले, तिथे आवाज ही ईश्वराची देणगी की मेहनतीची कमाई, हा वाद नागरवाड्यातल्या ओट्यावरसुद्धा रंगू शकतो.

भाविकांचे उत्तर ठरलेले असते: देवाने दिला, देवाने नेला. या उत्तरातील नम्रता मला मान्य आहे, परंतु त्यातील सोय मला खटकते. आवाजाची सनद देवाची आणि जप्तीचा हुकूमही देवाचाच असेल, तर चुकीच्या पट्टीत वर्षानुवर्षे गाऊन घेणारा गुरू आणि घसा सुजला असतानाही मैफल न सोडणारा शिष्य, दोघेही निर्दोष सुटतात. शार्ङ्गदेवाने हा मार्ग पत्करला नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी हिशेबखात्याचा प्रमुख असलेल्या या पंडिताने ‘संगीतरत्नाकर’ रचताना रागांना हात घालण्यापूर्वी गर्भातील पिंडाची उत्पत्ती, नाड्या आणि चक्रे यांचे सविस्तर वर्णन केले, आणि देहातील प्राण व अग्नी यांच्या संयोगातून नाद उपजतो असे सांगितले. जमाखर्च पाहणाऱ्या माणसाने आधी देहाचा ताळेबंद मांडावा, याची मला मोठी मौज वाटते.

गायकवाडी मुलखातील कठोर गावी १८६९ साली जन्मलेल्या भास्करबुवा बखल्यांचे उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. किर्लोस्कर नाटक मंडळीत गोड गळ्याचा बालनट म्हणून नाव मिळवलेल्या या मुलाचा आवाज वयात येताना फुटला आणि ज्या गुणावर त्याची किंमत ठरत होती तोच नाहीसा झाला. त्यानंतर बडोद्यात फैजमहंमदखाँ, पुढे नत्थनखाँ आणि अल्लादियाखाँ यांच्यापाशी त्यांनी जी तालीम घेतली, तिने हरवलेला गळा परत आला नाही; आला तो निराळाच पुरुषी आवाज. मग तोच गायक राहिला असे आपण कशाच्या आधारे म्हणतो? गळ्याच्या आधारे खासच नव्हे.

याचे उत्तर मला नागरवाड्यातल्या एका शिकवणीत सापडले. शाळेत वर्षानुवर्षे ओरडून शिकवल्यामुळे स्वरतंतूंवर गाठी आलेल्या एक बाई तिथे येत. डॉक्टरांनी कुजबुजण्यासही मनाई केली होती, कारण कुजबुजताना घशावर ताण येतो, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. पेल्यातल्या पाण्यात नळी बुडवून तीतून त्या मंद हुंकार सोडीत. नळीमुळे मागे परतणारा दाब तंतूंना एकमेकांवर आपटू देत नाही, आणि बुडबुडे एकसारखे उठू लागले की श्वास ताळ्यावर आला असे समजावे. एके सकाळी शेजारच्या मुलीचा तंबोरा लागत असता या मूक बाईंनी हात वर केला आणि पंचमाच्या तारेकडे बोट दाखवले. तार किंचित उतरली होती, आणि ते शिकवणाऱ्या गुरुजींच्याही ध्यानात आले नव्हते.

गाणे वसते ते त्या कानात. गळा हे त्याचे वहिवाटीचे स्थान; स्थान बदलते, जीर्ण होते, कधी दुरुस्तही होते, पण जन्मभराच्या श्रवणाने जो संस्कार घडतो तो सूक्ष्मात साठतो. आवाजाची दुरुस्ती करणारा गुरू खरे पाहता याच कानाला नव्या घशाशी जुळवून घ्यायला शिकवतो. कधी गायक हे काम स्वतःच करतो. १९४८ साली देवासला आलेल्या, क्षयाने एक फुप्फुस निकामी झालेल्या कुमार गंधर्वांनी सक्तीच्या मौनाच्या वर्षांत माळव्याची लोकगीते ऐकली, आणि पुन्हा गाऊ लागल्यावर त्यांनी उरलेल्या श्वासाला मानवतील अशा छोट्या, तीव्र स्वराकृती घडवल्या.

तरी येथे एक अडचण उरते, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. कुमारांना क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसीन हे औषध मिळाले नसते तर त्यांच्या कानातले ते गाणे कोणालाच ऐकू आले नसते. सूक्ष्म कितीही अविनाशी मानले तरी त्याला एक जिवंत घसा लागतोच, मग तो स्वतःचा नसला तरी चालेल. भास्करबुवा १९२२ साली वारले. त्यानंतर त्यांचे ऐकणे बालगंधर्व आणि मास्तर कृष्णराव या त्यांच्या शिष्यांच्या गळ्यांतून कित्येक वर्षे गात राहिले.