फांदीवरचा भाडेकरू

मराठी माणूस झाडाझुडपांच्या बाबतीत फारसा अभ्यासू नसला, तरी एक वनस्पती त्याला पक्की ठाऊक असते. ती म्हणजे बांडगूळ. आता ती त्यानं प्रत्यक्ष पाहिलेली असेलच असं नाही. पण नात्यातला एखादा लांबचा भाचा, ऑफिसातला एखादा सहकारी आणि राजकारणातले हवे तेवढे लोक त्यानं या नावाखाली नोंदवून ठेवलेले असतात. वनस्पतिशास्त्रातला दुसरा कुठलाही शब्द भांडणात इतक्या वेळा वापरला जात नसेल. "पारिजातक आहेस, पारिजातक!" असं कुणी कुणावर ओरडलेलं निदान मी तरी ऐकलेलं नाही.

आमच्या गॅलरीत हा शब्द आला तो ऑर्किडच्या निमित्तानं. आपल्या सह्याद्रीत या जातीच्या झाडांना 'आमर' म्हणतात. पण नर्सरीत 'आमर' मागितलं तर आंबा दाखवतील, म्हणून आम्ही ऑर्किडच मागितलं. डेंड्रोबियम नावाचं, मुंबई-पुण्याच्या हवेत तग धरणारं, जांभळ्या फुलांचं रोप मिळालं. वर सूचना मिळाली, "साहेब, माती घालू नका. मातीत मरतं." बागकामाबद्दल मला जी एकमेव गोष्ट खात्रीनं माहीत होती, तीच इथे बाद झाली.

ऑर्किडची कुंडी भरणं हा खरोखर बघण्यासारखा प्रकार आहे. कुंडी बाजूंनीसुद्धा भोकं असलेली लागते. तिच्यात विटांचे तुकडे, लाकडी कोळसा आणि नारळाचं सोडण. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला यात समाधान असं, की विटा शेजाऱ्यांच्या न्हाणीघराच्या दुरुस्तीतून आल्या, कोळसा आमच्या आत्यानं इस्त्रीवाल्याकडून मूठभर मागून आणला आणि नारळ तिनंच सोलला. भांडवली गुंतवणूक फक्त रोप आणि कुंडी. पाण्याचा हिशेबही तितकाच सोपा. मुळांवर मेलेल्या पेशींचं स्पंजासारखं वेष्टन असतं. ते कोरडं असलं की मूळ चंदेरी दिसतं, भिजलं की हिरवं. चंदेरी दिसलं तर सकाळी पाणी घालायचं, हिरवं असेल तर तांब्या खाली ठेवायचा. इतकी स्पष्ट शिल्लक आमच्या बँकेच्या पासबुकातही दिसत नाही. हा हिशेब रोज आत्या बघते. वय वर्षं शहात्तर, लग्न केलेलं नाही, पेन्शन नाही, गेली एकोणीस वर्षं आमच्याकडे.

एका रविवारी आमचे साडू आले. ते करसल्लागार आहेत, त्यामुळे कुठल्याही वस्तूकडे ते वजावटीच्या नजरेनं पाहतात. कुंडीत माती नाही हे कळल्यावर ते म्हणाले, "म्हणजे हे दुसऱ्याच्या जिवावर जगणार. बांडगूळच की हो! पैसे देऊन आणलंत?"

साडूंना एकट्यालाच बोल लावण्यात अर्थ नाही. आपल्या पूर्वजांचाही इथे थोडा घोळ झालेला आहे. ऑर्किडांच्या एका प्रजातीचं (जीनसचं) शास्त्रीय नाव 'व्हँडा' असं आहे, आणि ते आपल्या संस्कृत 'वंदा'वरून घेतलेलं आहे. हा 'वंदा' शब्द संस्कृतात दुसऱ्या झाडावर वाढणाऱ्या परोपजीवी वनस्पतीलाही वापरलेला सापडतो. फांदीवर बसलेलं दिसलं, की फुकट्या समजायचं, ही रीत जुनीच म्हणायची.

पण फांदीवर बसण्यातही दोन तऱ्हा आहेत. आंब्यावरचं बांडगूळ सालीवर थांबत नाही. ते आपलं मूळ आंब्याच्या लाकडात घुसवतं आणि त्याचं पाणी, त्याचे क्षार परस्पर ओढून घेतं. जोर वाढला की पुढची फांदी वाळते. ऑर्किडचं मूळ मात्र सालीला नुसतं धरून राहतं. पावसाचं ओघळणारं पाणी, हवेतली वाफ, सालीच्या खाचेत साठलेली धूळ आणि कुजलेला पाला यांवर ते भागवतं. पानं हिरवी, त्यामुळे अन्न स्वतःचं स्वतः शिजवतं. आंब्याच्या डब्यात हात घालत नाही. फांदीवर थोडं वजन पडतं, एवढाच काय तो भार. थोडक्यात, बांडगूळ म्हणजे मालकाच्या सहीचे चेक वटवणारा इसम आणि ऑर्किड म्हणजे जिन्याखाली खाट टाकायची परवानगी मागणारा.

हे सगळं मी साडूंना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आत्या चहाचे कप घेऊन आत गेल्यावर आवाज खाली आणून म्हणाले, "झाडाचं सोडा हो. नवीन जागेत तुम्हाला दोनच खोल्या मिळणार. मिळवती माणसं दोन, खाणारी पाच. आत्याबाईंसाठी आता चांगले वृद्धाश्रम निघालेत. मी वाईट अर्थानं नाही म्हणत. पण स्पष्ट विचारतो, त्यांचा तुम्हाला उपयोग काय?"

ही विचारण्याची पद्धत मला अनोळखी नाही. बँकेत आम्ही दिवसभर हेच विचारतो. तारण काय, जामीन कोण, परतफेड कशी करणार? त्यामुळे उत्तरही पहिल्यांदा त्याच भाषेत सुचलं. डेंड्रोबियमच्या जुन्या कांड्यांची पानं गळतात. त्यांना फूल नाही, पान नाही. नुसत्या पिवळट काठ्या उभ्या असतात. नवख्या माणसाचा हात चटकन कातरीकडे जातो. पण जाणकार सांगतात, त्या कापू नका. पाणी आणि अन्न त्यांच्यातच साठवलेलं असतं आणि बुडाशी फुटणारा नवा कोंब त्यावरच पोसला जातो. एखाद्या जुन्या कांडीला पुन्हा फुलंही येतात. म्हणजे ज्या खात्यावर व्यवहार दिसत नाही म्हणून आपण ते बंद करायला निघालो, तिथेच सगळी ठेव. आत्या आमच्या मुलीला पाढे शिकवते, कुकरच्या शिट्ट्या मोजते, गॅसवाला आला की दार उघडते. याचे पैसे लावायचे ठरवले तर साडूंचं कॅल्क्युलेटर गरम होईल.

उत्तर तयार होतं. पण मला ते पुरेसं वाटेना. कारण ते देताना साडूंचा नियम मी मान्यच करून टाकत होतो. उपयोग आहे म्हणून आत्या राहील. मग उद्या तिचे गुडघे गेले, पाढे विसरले, शिट्ट्या ऐकू येईनाशा झाल्या, तर? कांडी आतून रिकामी निघाली तर कातरी रास्त ठरते का? आणि झाडाच्या मर्यादेत बोलायचं, तर ऑर्किडाचा आंब्याला उपयोग काय? सांगण्यासारखा काही नाही. तरी आंबा विचारत नाही. त्याची मोहर-फळं घेऊन तो उभा असतो, फांदीवर जागा असते, कुणीतरी बसलेलं असतं.

बरं, परतफेडीचा नियम ऑर्किडांना लावायचा म्हटलं तर प्रकरण आणखी अडचणीत येतं. एका शेंगेत त्यांचं बी हजारोंनी, काही जातींत लाखोंनी असतं. पण इतकं बारीक, की धूळच म्हणावी. वाटाण्याच्या दाण्यात कोंबासाठी शिदोरी बांधलेली असते, तशी यात नसते. मग ते रुजतं कसं? १८९९ साली नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाला जंगलात याचं उत्तर सापडलं. एक बुरशी त्या बीत शिरते आणि बी तिच्याच जिवावर वाढतं. पुढे १९२२ मध्ये लुईस नडसन या अमेरिकन शास्त्रज्ञानं दाखवून दिलं, की बुरशी नसली तरी साखर दिली की बी रुजतं. म्हणजे बुरशी नको असेल तर नका घेऊ. पण कुणीतरी भरवायला हवंच. मोठेपणी काही जाती बुरशीला थोडं परत करतात असं आढळलं आहे. काही जातींना हिरवी पानंच येत नाहीत. त्या जन्मभर खात राहतात आणि एक पैसा परत करत नाहीत.

हे साडूंना कळलं तर त्यांना आनंद होईल. पण मग त्यांच्या आणि माझ्या नावासमोर काय लिहायचं? आम्हीही असेच बिनशिदोरीचे आलो. पहिली काही वर्षं दुसऱ्याच्या लाकडात मूळ घालूनच काढली. त्या वेळी कुणी तारण विचारलं नाही. माझ्या बाबतीत सांगायचं, तर आई नोकरीवर जायची तेव्हा मला दूधभात भरवणारी हीच आत्या होती. त्या खात्याचं व्याज कुठल्या दरानं धरायचं? आणि ते फेडलं म्हणजे मोकळं झालो असंही नाही. ज्या आत्यानं आपल्याला भरवलं नाही, तिनं काय करायचं?

मला वाटतं, 'बांडगूळ' ही माणसाची जात नसावी. ती मूळ रोवण्याची एक तऱ्हा असावी, आणि मिळवत्या माणसाला तर ती फार सहज जमते. पगार घरात आणला म्हणून जो पाण्याचा पेलाही बायकोकडून मागतो, बहिणीच्या हिश्शावर सही घेतो, म्हाताऱ्या बापाच्या पेन्शनवर मोटारीचा हप्ता भरतो, त्याचं मूळ कुठवर गेलंय ते बघावं. उलट जी बाई एका खाटेपुरती जागा घेऊन, आपलं मन कुणाच्या संसारात न खुपसता राहते, ती काही मिळवत नसली तरी फांदी वाळत नाही. आणि थोडा भार पडलाच, तर फांदी असते कशासाठी? जोवर ती मोडत नाही, तोवर कुणाला उठवण्याचं कारण मला तरी दिसत नाही.

साडूंना हे पटलेलं नाही. पुढच्या वेळी ते नवीन जागेचा नकाशा आणणार आहेत. आम्ही तो बघू. त्यात आत्याची खाट कुठे बसते एवढंच बघायचं आहे, कारण ती बसवायची हे ठरलेलं आहे.

तूर्त आमच्या कुंडीत पाच कांड्या आहेत. त्यांतल्या दोन बिनपानांच्या. कातरी मी कपाटाच्या सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवली आहे. साडू उंचीनं जरा कमीच आहेत.