वाटाड्याची जमीन

मेळघाट वर्तमानपत्रात येतो तो दोनच कारणांनी, वाघ आणि कुपोषण. एका बातमीत तिथला कोरकू आदिवासी माणूस जिप्सीत पुढे, खाकी शर्टात बसलेला असतो. दुसरीत तो नुसता आकडा असतो. सेमाडोह-कोलकासला सुट्टीत जाणाऱ्या आपल्या अमरावती-अकोल्याच्या मंडळींना पहिला भेटतो, आणि त्याला विचारायचा प्रश्नही ठरलेला असतो: "काल दिसला का?"

हा प्रश्न गिळून, जिथे पायी फिरायची मुभा आहे तिथे, एखाद्या कोरकू म्हाताऱ्यासोबत सिपनेच्या काठाकाठाने चालून पाहावं. उन्हाळ्यात नदी डोहाडोहांत तुटलेली असते. डोहात पाणी दिसत असूनही बाया पिण्याचं पाणी त्यातून भरत नाहीत. काठापासून थोड्या अंतरावर वाळूत हातानेच झिरा उकरतात, आधी आलेलं गढूळ पाणी उपसून टाकतात, जरा थांबतात आणि मग झिरपलेलं निवळ पाणी वाटीवाटीने हंड्यात घेतात. घाई केली की तळ ढवळतो. वर टेकाडावर मोहाखालची जमीन काळी दिसते, कारण पहाटे फुलं नीट वेचता यावीत म्हणून पाचोळा जाळलेला असतो. वनखात्याच्या लेखी हा गुन्हा. खात्याची बाजू अगदीच खोटी नाही; वारा फिरला की ती आग कोणाचं ऐकत नाही. पण मोह म्हणजे त्या घराचं दोन-चार महिन्यांचं मीठमिरची असतं, हे कलमांच्या पुस्तकात लिहिलेलं नसतं.

कोरकूंची कुळंसुद्धा याच काठावरून निघालेली आहेत. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या ग्रंथात त्यांची नोंद आहे: कासदा हे कूळ नदीने काठावर आणून टाकलेल्या गाळाचं, जांबू हे जांभळीचं. त्यांच्या उत्पत्तिकथेत हे डोंगर ओसाड पाहून रावणाने महादेवाला माणसं मागितली आणि महादेवाने तांबड्या मातीच्या मूर्तींत जीव घातला. दसऱ्याला आपण ज्याला जाळतो, त्याच्या शब्दावर इथली माणसं जन्माला आली. शाळेतल्या पोरांनी ही गोष्ट कोणत्या तोंडाने सांगावी, हा वेगळाच लेख होईल.

आम्ही असे चाललो तेव्हा आमचा कोरकू वाटाड्या हे सगळं रंगून सांगत होता. गावाबाहेर झाडाखाली सागाचे कोरलेले खांब दिसले, तेव्हा मात्र तो गप्प झाला. मेलेल्यांच्या नावाने उभारलेल्या या खांबांना मुंडा म्हणतात. त्यांवर सूर्य, चंद्र, घोडेस्वार कोरलेले असतात. सिडोलीचा विधी झाला की मेलेला माणूस आपल्या पूर्वजांत जाऊन मिळतो, अशी श्रद्धा. आमच्यातल्या एकाने मोबाइल काढला. "फोटो नका घेऊ, साहेब. आमचीच मानसं हायेत ती." एवढं बोलून तो रानडुकरांनी मक्याची कशी नासाडी केली ते सांगू लागला.

त्या फिरस्तीत ऐकलेल्या सगळ्यांत मला हा नकार मोलाचा वाटतो. तिकीट काढलं म्हणजे सांगणाऱ्याने सगळंच सांगितलं पाहिजे, असं आपण गृहीत धरतो. पण सांगायचं काय आणि राखायचं काय, हे ज्याला ठरवता येतं तोच खरा यजमान. बाकीचे नोकर. आमच्या वाटाड्याचा नकार आम्ही ऐकला तो केवळ शरमेने. एखाद्याने फोटो काढलाच असता, तर त्याच्या हातात काय होतं?

ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या प्रचंड खडकाची मालकी 26 ऑक्टोबर 1985 ला तिथल्या अनंगू लोकांना परत मिळाली. व्यवहार निर्भेळ नव्हता. त्याच दिवशी ती जमीन राष्ट्रीय उद्यानासाठी 99 वर्षांच्या कराराने सरकारला भाड्याने द्यावी लागली. खडकावर चढू नका, तो पवित्र आहे, असं ते वर्षानुवर्षं पाहुण्यांना सांगत राहिले आणि पाहुणे चढत राहिले. 26 ऑक्टोबर 2019 ला चढाई कायमची बंद झाली. चौतीस वर्षं लागली, पण सातबारा नावावर असल्याशिवाय त्यांचा 'नाही' तिथवर पोचलाच नसता.

आपल्याकडे गंगा उलटी वाहिली. 1974 मध्ये मेळघाटात व्याघ्रप्रकल्प आला. पुढे धारगड, गुल्लरघाट, केलपाणी, सोमठाणा अशी गावं उठवून खाली अकोला जिल्ह्यात आणून वसवली. मोबदल्याच्या आणि सोयींच्या तक्रारी घेऊन काही कुटुंबं परत वर गेली, आणि 2019 च्या जानेवारीत गुल्लरघाटाकडे वनखातं-पोलीस आणि गावकरी यांच्यात मारामारीपर्यंत पाळी आली. ज्या डोंगरातून वान आणि शहानूर उतरतात, ज्यांच्या धरणांवर अकोट-तेल्हारा-अंजनगावकडचे नळ चालतात, तिथली ही माणसं. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी धारगडच्या महादेवाला हजारो वऱ्हाडी भाविक जातात, तेव्हा तेवढ्यापुरतं रान उघडतं. धारगडचा माणूस त्या गर्दीत यात्रेकरू म्हणून आपल्याच गावात शिरतो.

मेळघाटच्या पायथ्याला पायविहीर आहे. वनहक्क कायद्याखाली 2012 मध्ये या गावाला 193 हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळाला. उजाड टेकड्यांवर लोकांनी झाडं लावली, सीताफळं विकली, भावाची घासाघीस स्वतः केली. उद्या तिथे पाहुण्यांना फिरवायचं ठरलं तर वाट कोणती, पैसे किती आणि कुठल्या झाडाशी परत फिरायचं, हे ग्रामसभा ठरवू शकेल. धारगडवाल्यांना तसं ठरवायचं म्हटलं तर त्यांची ग्रामसभा आता सपाटीवर भरते, आणि धारगडचं रान तिच्या हद्दीत येत नाही.