साक्षीदार किती?

एकाच्याच साक्षीवरून कोणासही दोषी ठरवू नये, दोघातिघांची साक्ष हवी, असा मोशेच्या नियमशास्त्राचा दंडक आहे. पण तिघेही चौथ्याकडून ऐकलेलेच सांगत असतील तर?

कोणाविषयी कानी आलेली गोष्ट आपण आता इंटरनेटवर पडताळतो. गूगलवरच विसंबू नये म्हणून डकडकगो, इकोझिया उघडतो. २३ मे २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टचे बिंग बिघडले आणि ही दोन्ही शोधयंत्रेही कोलमडली. कारण तेव्हा दोघांचा आधार मुख्यतः बिंगचीच सूची होती. दारे निराळी, कोठार एकच! ब्रेव्हने २०२३ मध्ये बिंगचा उरलासुरला आधार सोडला. इंग्लंडचे मोजीक तर आरंभापासून स्वतःच पाने वाचून आपली सूची रचते. ती लहान आहे, हे खरे.

मत्तय आणि लूक यांनी मार्काचा आधार घेतला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यामुळे तिघांत सारखे आढळले तरी ते तीन साक्षी मोजत नाहीत. पाच हजारांना जेवू घातल्याची कथा योहानही सांगतो, आणि त्याची वाट अनेकांच्या मते निराळी. तिथे साक्षीचे वजन वाढते.

मोजीक आम्हाला पुष्कळदा रिकाम्या हाती परत पाठवते. तरी कोणावरचा गंभीर आरोप वाचला, की आम्ही तिथेही विचारून पाहतो.