उरलेल्या पातोळ्यांचे काय?

शाळेच्या अंगणात मुलांनी मांडलेला खाऊचा बाजार आता नवलाईचा राहिलेला नाही. कुठे तो आनंद बाजार असतो, महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत बालआनंद मेळावा, तर स्काऊट-गाईडच्या मुलांना तो ‘खरी कमाई’ म्हणून ठाऊक असतो. बातमीही ठरलेली: पाहुण्यांनी फीत कापली, मुलांना व्यवहारज्ञान मिळाले, इतक्या हजारांची उलाढाल झाली. अलीकडे या फायद्यांत मुलांच्या भावनिक आरोग्याचीही भर पडली आहे. हा दावा मला मान्य आहे, पण तो ज्या कारणासाठी केला जातो ते कारण मान्य नाही. मुले हसली, मोकळी झाली, ताण उतरला एवढेच म्हणायचे असेल तर ते काम वनभोजनही करते. बाजारात दोन गोष्टी अधिक मिळतात. आपले कोणाला तरी काम पडते हे मुलाला कळते, आणि झेपेल एवढे अपयश पचवायची संधी मिळते. कारभार खरोखर मुलांच्या हाती असेल तरच हे घडते. मोठ्यांनी चालवलेला बाजार ही एक खाद्यजत्रा असते, आणि तिची चव कितीही चांगली असली तरी मुलांच्या मनाशी तिचा फारसा संबंध नसतो.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) तपासलेल्या तेरा ते सतरा वयोगटातल्या मुलांपैकी सुमारे ७ टक्के मुलांत मानसिक विकार आढळले. अशा आकड्यावर शाळांना सुचणारा पहिला उपाय म्हणजे आणखी एक तास: भावनांचा, ध्यानाचा, मूल्यांचा. ब्रिटनमध्ये अकरा ते चौदा वर्षांच्या आठ हजारांहून अधिक मुलांना घेऊन अशा सजगतेच्या तासांची मोठी चाचणी झाली. २०२२ मध्ये निष्कर्ष आले, आणि नेहमीच्या शिकवण्यापेक्षा या तासांनी काही अधिक साधले नव्हते. याउलट, १९९६ मध्ये गोव्यात सुरू झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या शाळांत केलेला प्रयोग पाहा. त्यात मुलांचे गट होते, भित्तिपत्रक होते, तक्रार टाकायची पेटी होती, आणि हे सारे चालवणारी बाहेरून नेमलेली एक व्यक्ती होती. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ साली आलेल्या निष्कर्षांनुसार शाळेचे वातावरण सुधारले, नैराश्याची लक्षणे घटली, दांडगाई कमी झाली. तोच कार्यक्रम शिक्षकांनी राबवला तिथे मात्र फरक पडला नाही. त्या प्रयोगात बाजार नव्हता, त्यामुळे बाजाराची थोरवी त्यावरून सिद्ध होत नाही. पण मुलांना शाळेत हात आणि आवाज मिळणे महत्त्वाचे असते, आणि रोज गुण देणाऱ्याच माणसाच्या हाती सगळी सूत्रे राहिली तर तोच कार्यक्रम निर्जीव होऊ शकतो, असा अर्थ त्यातून मी काढतो.

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातील पाळीसारख्या गावात या गोष्टीला आणखी एक पदर आहे. हा खाणपट्टा. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, पुन्हा सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द ठरवल्यावर मार्च २०१८ मध्ये परत थांबल्या. ट्रकचे हप्ते, गॅरेज, चहाचे गाडे, सगळे त्या मातीवर उभे. अशा घरांत पैशाचा विषय निघाला की मोठ्यांचा आवाज खाली जातो आणि मुलांना बाहेर पाठवले जाते. मुलाला आकडा कळत नाही, धास्ती तेवढी कळते. शाळेच्या बाजारात पैसा पहिल्यांदाच उघड्यावर येतो: नारळ केवढ्याला, गूळ किती लागला, किती विकले म्हणजे मुद्दल सुटेल, हे चारचौघांत बोलता येते. शिवाय डिचोलीच्या बुधवारच्या किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जिची आजी टायकिळ्याच्या पालेभाजीची जुडी घेऊन बसते, त्या मुलीचे ज्ञान वर्गात कवडीमोल असते. इथे गिऱ्हाइकाशी कसे बोलावे, भाव कुठे सोडावा, ऊन चढले की पाला कसा राखावा, हे विचारायला गणितात पहिली येणारी मुलगी तिच्याकडे येते.

आक्षेप घेणारे म्हणतात, एवढ्या लवकर मुलांना नफ्याच्या नादी का लावता? शंका पोकळ नाही. १९७३ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात, चित्र काढायची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांना आधीच बक्षिसाचे आमिष दाखवले, तेव्हा नंतर त्यांची आवड उतरली. पण ते बक्षीस पैशाचे नव्हते. ते प्रमाणपत्र होते. धोका बाजारातल्या दहा रुपयांच्या नाण्याइतकाच ‘उत्कृष्ट स्टॉल’च्या ढालीत आहे, आणि ती ढाल आपण बिनदिक्कत वाटतो. त्याहून गंभीर आक्षेप भांडवलाचा. ज्याच्या घरी पन्नास रुपये सुटे निघत नाहीत, तो काय मांडणार आणि काय विकत घेणार? हा प्रश्न भाषणाने सुटत नाही. भांडवल शाळेने समान द्यावे, मांडणी गटाची असावी, खाण्यासाठी प्रत्येकाला सारखीच कुपने मिळावीत, नफा वर्गाच्या पेटीत जावा आणि त्याचे काय करायचे ते वर्गाने ठरवावे. हे जमणार नसेल तर बाजार भरवू नये. तो गरीब मुलाला त्याची गरिबी फलकावर लिहून दाखवेल.

अन्नाचा बाजार म्हटला की कोणी कोणाच्या हातचे खायचे हेही आलेच. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे घेतलेल्या चहाच्या कपावरून रानडे-टिळकांपर्यंत सगळे अडचणीत आले होते, आणि तो समाज पूर्णपणे मागे पडला असे समजण्याचे कारण नाही. कोणाच्या ताटल्या रिकाम्या होतात आणि कोणाच्या भरलेल्या राहतात, हे शिक्षकाने डोळ्यांत तेल घालून पाहावे.

मोठ्यांची लुडबुड मात्र सगळ्यात चिवट. हळदीच्या पानांतल्या पातोळ्या आई पहाटे उठून करते, हिशेब बाबा लिहितात, विकायला तेवढे मूल उभे राहते. मग पावसाळ्याआधीच्या बेगमीसारखी, पुरुमेंतासारखी, चार दिवस आधीपासून यादी, वाटणी, भांडण, तडजोड यांची जी खरी मेहनत, ती मुलाच्या वाट्याला येतच नाही. विस्तवाचे आणि तळणाचे काम सोडून द्यावे. सोलकढी, भिजवलेले पोहे, काकडी, फळे एवढे मुलांना स्वतः करता येते. शाळेत अति गोड, अति खारट आणि तेलकट पदार्थ विकू नयेत असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे, त्याच्याशीही ते जुळते. आणि दुपारी पातोळ्या उरल्या, तर कनवाळू शिक्षक पाकीट काढून त्या सगळ्या विकत घेतात. हेतू चांगला, पण शिकण्याची वेळ नेमकी तीच. त्या का उरल्या, भाव चढा होता की तीन गटांनी एकच पदार्थ केला, हे गटाने बसून शोधायला हवे, रडणाऱ्याला शेजारच्याने सावरायला हवे.

त्यासाठी पुढचा बाजार लागतो, आणि तो लवकर लागतो. वर्षातून एकदाच, स्नेहसंमेलनाला जोडून भरणाऱ्या बाजारात चूक सुधारायला जागाच नसते. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस बिनदप्तराचे सांगितले आहेत. त्यातले चार बाजाराला द्यावेत. प्रमुख पाहुण्यांसाठी उरलेले सहा पुष्कळ झाले.