कणगीच्या तळाशी

पाटावर बसा, नाहीतर नुसत्या फरशीवर. पुढ्यात एक ताटली आहे आणि तिच्यात नाचणीची एक भाकरी आहे असं समजा. खरीच असेल तर फार चांगलं. गरम असेल तर तिच्यावर तळवा धरा, टेकवू नका. वाफ हाताला लागू द्या. एवढ्यात तोडायची नाही.

दिवस भाद्रपदातला आहे, गौर येण्याचा. गाव पासली. नसरापूरहून विंझर, मग वेल्हे, आणि वेल्ह्यातून केळदची वाट धरली की पासली लागते. त्याच्या पुढे मढे घाट, आणि घाट उतरला की महाड. तोरणा इथून जवळ आहे, 1403 मीटर उंच, पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला. पण आज तो ढगात आहे. पागोळ्या गळतायत. चुलीतलं लाकूड ओलं आहे, त्यामुळे घरात धूर आहे, आणि डोळे चुरचुरतात. तो धूरही या बसण्यात असू द्या.

आता श्वास सावकाश घ्या आणि भाकरीचा रंग बघा. पीठ असताना ती राखाडी-गुलाबी होती. उकळत्या पाण्यात पीठ घातलं, झाकण ठेवून उकड काढली, काठवटीत गरम असतानाच मळली, तेव्हा ती तपकिरी झाली. नाचणीला चिकटपणा कमी. थंड पाण्यात मळली तर थापताना काठ भेगाळतात, म्हणून हात भाजले तरी उकड गरमच मळावी लागते. माझी काकी बोटं थंड पाण्यात बुडवायची आणि मळायची, पुन्हा बुडवायची. तव्यावर टाकल्यावर वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवायची. ते पाणी सुकलं की उलटायची, आणि मग थेट निखाऱ्यावर. पापुद्रा सुटून भाकरी फुगली की ती एकदा हलकेच दाबायची आणि वाफ बाहेर पडायची. त्या वाफेचा वास आठवतो का बघा. तुम्ही तो कधी घेतला नसेल तर पहिल्या पावसानंतरच्या मातीचा घ्या. फार लांबचा नाही.

ही नाचणी खाचरातली नाही. खाचर भाताचं. नाचणी वरच्या उतारावर, वरकस जमिनीत. चैत्र-वैशाखात शेण, पालापाचोळा आणि तोडलेल्या डहाळ्या पसरून राब भाजायचा. त्या आगीनं तणाचं बी मरतं आणि राख जमिनीला मिळते. पावसाच्या तोंडावर तिथे बी पेरायचं, रोप वीतभर झालं की उपटून उतारावर लावायचं. एक वर्ष नाचणी, मग वरी, मग खुरासणी, आणि मग ती जमीन काही वर्षं पडीक ठेवायची. तिचा दम परत यायला तेवढा वेळ लागतो. म्हणजे तुमच्या पुढ्यातल्या भाकरीत पावसाळा एक आहे, पण विश्रांती कित्येक वर्षांची आहे. इथे थोडं थांबा. मला या गोष्टीपाशी दर वेळी थांबावंसं वाटतं.

गौर अनुराधा नक्षत्रावर येते, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवते आणि मूळ नक्षत्रावर जाते. जेवणाच्या दिवशी पुरणपोळी असते हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवसाबद्दल मी फार बोलणार नाही. डाळ बाजारातून येते, गूळ बाजारातून येतो, घर दरवळतं, पाहुणे येतात. मला बोलायचंय ते आदल्या संध्याकाळबद्दल. ती येते त्या दिवशी तिच्यापुढे भाजी-भाकरी ठेवतात. वर्षानं माहेरी आलेल्या लेकीला पहिला घास भाजी-भाकरीचा.

का, हे मी पुष्कळ वर्षं स्वतःला विचारलं. लांबून आलेलीच्या पोटाला हलकं काही हवं, असं काकी सांगायची, आणि ते खरंच आहे. पण आता वाटतं, कारण खाचरातही आहे. मनानं दाराबाहेर या आणि बघा. भात पोटरीला आलंय. कणीस अजून पात्याच्या आत आहे. हळव्या भाताचं निसवायला लागलं असेल, गरव्याला वेळ आहे. दाण्यात दूध भरायचंय, मग ते घट्ट व्हायचंय. कोकणात नवान्न होतं आश्विनातल्या पौर्णिमेला. गौर त्याच्या सव्वा महिना आधी येते. सव्वा महिना थांबली असती तर तिला नवा भात मिळाला असता. ती थांबत नाही. जुनं संपत आलेलं आणि नवं दूर, नेमकी त्या दिवसांत येते.

आणि त्या दिवसांत घरात काय असतं? नाचणी असते, कारण ती टिकते. तिला सहसा कीड लागत नाही, वर्षानुवर्षं ठेवली तरी चालते. भात संपला तरी मडक्यात नाचणी उरलेली असायची. 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष ठरवलं, तेव्हा तिच्यातल्या कॅल्शियमची चर्चा झाली. 100 ग्रॅममध्ये साधारण 350 मिलिग्रॅम, तांदळातलं त्याच्या पासंगालाही पुरत नाही. तिचा मान झाला याचा मला आनंद आहे. पण गौरीपुढे ती त्याच्या किती आधीपासून मानाची होती.

भाजीही तशीच. टाकळा आषाढातच खाऊन झालेला, आता जून. कुर्डूला गुलाबी तुरे यायला लागलेत. म्हणून फक्त कोवळे शेंडे खुडायचे. शेंडा बोटांत धरा. अलगद मोडला तर घ्या, वाकून ताणला गेला तर सोडून द्या. ओल्या बांधावर अर्धा तास वाकून टोपलीच्या तळाला जेमतेम भाजी होते, आणि शिजल्यावर मूठभर. भिजवलेली मूगडाळ, हिरवी मिरची, जिरं, मीठ. नैवेद्याची म्हणून लसूण नाही. एवढीच.

आता गौर घरात आणायची आहे. आमच्याकडे ती तेरड्याची. मुळासकट उपटलेली रोपं, गुलाबी फुलं, मुळांना अजून चिखल. एका वर्षी ती माझ्या हातात होती. मी नऊ वर्षांची असेन. उंबऱ्यावर काकीनं माझ्या पायांवर पाणी घातलं, कुंकवाची पावलं ओटीपासून आतपर्यंत काढलेली होती, त्यांवर पाय देत मी चालले. गौरीला सगळं घर दाखवतात. गोठा दाखवला, चूल दाखवली. प्रत्येक ठिकाणी काकी विचारायची, इथं काय आहे, आणि मी गौरीच्या वतीनं सांगायची.

मग कणगी आली. बांबूच्या कामट्यांची, शेणानं लिंपलेली, माझ्या छातीएवढी उंच. काकीनं विचारलं, "इथं काय आहे?" मी टाचा उंचावून आत डोकावले. तळाशी दोन-तीन पायली भात असेल. एका बाजूला तर लिंपणाचा तळ दिसत होता. माझ्या तोंडून शब्द फुटेना. काकी खाली वाकली आणि कानात म्हणाली, "भरलीय म्हण." मी म्हटलं, "भरलीय."

हा क्षण हातात धरून ठेवा. घाई करू नका. ओला तेरडा, मुळांचं पाणी कोपरापर्यंत ओघळतंय, आणि कणगीतून येणारा जुन्या भाताचा कोरडा वास.

देवीसमोर आपण खोटं बोललो, असं मला कितीतरी वर्षं वाटत राहिलं. काकीचा राग नव्हता, पण सल होता. मग माझं लग्न झालं, मी पुण्यात आले, आणि गौरीला माहेरी गेले तेव्हा काकीच्या जागी मी विचारणारी झाले. पुतणीच्या हातात तेरडा होता. मी कणगीजवळ उभी राहून विचारलं, आणि तेव्हा कळलं की तिथून, बरोबर त्याच जागेवरून, मागचं दार उघडं असलं की खाचर दिसतं. पोटरीतलं भात, पावसानं एका बाजूला कललेलं. काकी कणगीत बघून बोलत नव्हती.

मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, ते खोटं नव्हतं. तो लेकीला दिलेला शब्द होता: तुझ्या पुढच्या खेपेला घर उपाशी नसेल. आणि शब्द दिल्यावर तिच्यापुढे ठेवली ती घरात खरोखर होती तीच भाकरी. दोन्ही एकाच संध्याकाळी.

आता भाकरी तोडा. कडेकडून घ्या, तिथे ती जरा कडक असते. भाजी बोटांनी उचला. पहिला घास सावकाश चावा. नाचणी आधी कोरडी लागते, मग हळूहळू गोडसर होते. त्या गोडीपर्यंत थांबा. गिळायची घाई नाही, घरात आज दुसरं काही शिजत नाहीये.

तिसऱ्या दिवशी दहीभाताचा नैवेद्य होतो आणि गौर ओढ्याला जाते. तेरड्याची फुलं एव्हाना मलूल झालेली असतात. पाण्यात सोडल्यावर ती दगडांत अडकतात, कुणीतरी पाय भिजवून पुढे ढकलतं. रिकाम्या हातांनी परत यायचं नसतं. ओढ्यातली मूठभर वाळू आणायची, घरभर थोडी टाकायची, गोठ्यात टाकायची, खाचराच्या बांधावर टाकायची.

मी नऊ वर्षांची होते त्या वर्षी उरलेली वाळू माझ्या मुठीत होती. काकीनं मला कणगीपाशी उभं केलं. मी हात आत घातला, खांद्यापर्यंत गेला, आणि मूठ उघडली. डोळे मिटून ऐका. थोडी वाळू भातावर पडली, तिचा आवाज आला नाही. थोडी उघड्या तळावर पडली, आणि लिंपणावर तिची बारीक सर वाजली.