बेलाच्या झाडावरचा व्याध

महाशिवरात्रीच्या रात्री आमच्या गडमुडशिंगीच्या घरी आजी ‘शिवलीलामृता’चा दुसरा अध्याय वाचीत असे. श्रीधरस्वामींची ही १७१८ सालची पोथी घरोघर ऐकलेली आहे. व्याध संध्याकाळी तळ्याकाठच्या बेलाच्या झाडावर चढून बसतो. आड येणारी पाने तोडून खाली टाकतो. खाली शिवलिंग असते. उपास घडतो, जागरण घडते, नकळत पूजा होते आणि पापी व्याध उद्धरून जातो. आजी इथे हात जोडी. माझे मन मात्र त्याच्या अलीकडेच अडून राही.

शिकार अनेक परींची असते. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून काळविटांची शिकार करीत. त्यात काळविटाला निदान पळता येई. झाडावरून केलेली शिकार निराळी. तहानलेले जनावर पाण्याकडे पाहते, वर पाहत नाही. आपण त्याला पाहावे आणि त्याने आपल्याला पाहू नये, यातच त्या शिकारीचे सारे बळ. १९७२ च्या कायद्याने शिकारीला बंदी आली. आता नव्या राजवाड्यातील संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरे पाहून आपण हळहळतो आणि आपल्यात व्याध उरला नाही, असे समजून घरी येतो.

तसे ते नाही. वीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका गावी शिकवीत असताना, सहलीच्या डब्यातले पैसे कमी होऊ लागले. शाळा सुटल्यावर मी शेजारच्या अंधाऱ्या खोलीत दडून बसलो. तिसऱ्या दिवशी एक पोरगा सापडला. झाकण हातात. तो रडला नाही. म्हणाला, “गुरुजी, धाकटी बहीण देवळापाशी उभी हाय. तिला घरला सोडून येतो. मग काय मारायचं ते मारा.”

मी हसलो. “मला खुळा समजतोस काय रे?” असे म्हणून दिवेलागण होईपर्यंत त्याला बसवून ठेवले. पोरगी देवळापाशी रडत होती. कुणा बाईने तिला घरी पोचवले. पोरगा पुन्हा शाळेत आला नाही.

पुढच्या शिवरात्रीला तोच अध्याय ऐकताना मी चमकलो. हरिणी तेच मागते: घरी जाऊन येते, मग मार. दशरथाच्या बाणाने पडलेला श्रावणबाळही तेच सांगतो, आंधळ्या आईबापांना एवढे पाणी नेऊन द्या. तिथेही पाणवठा, तिथेही अंधार. फरक इतकाच, की दशरथाने ते ऐकले बाण सुटल्यावर आणि व्याधाने ऐकले बाण सुटण्याआधी.

व्याधाची पोरेही घरी उपाशी होती, म्हणून त्याचे सोडणे स्वस्त नव्हते. हरिणी परत आली, म्हणून आपण त्याला शहाणा म्हणतो. पण त्याने तिला सोडले, तेव्हा ती परत आलेली नव्हती! न येती, तर लोक त्याला मूर्ख म्हणते. तरी तो आदल्या दिवशीचा व्याध राहिला नसता, असे मला वाटते.

यावर कुणी म्हणेल, मास्तर, असा विश्वास ठेवीत गेलात तर वर्ग चालेल कसा? खरे आहे. दहांतले सात फसवतील. चोरी ती चोरीच, आणि तिला शिक्षा हवी. पण शिक्षेला सकाळपर्यंत थांबता आले असते. देवळापाशी उभ्या असलेल्या पोरीला थांबता येत नव्हते. तो पोरगा परत आला असता की नाही, हे मला आता कधीच कळणार नाही. ते कळण्याचा एकच मार्ग होता आणि तो मीच बंद केला.

या दिवसांत रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास पूर्वेला मृग वर येतो. मागोमाग दीडएक तासाने व्याधाचा लखलखीत तारा उगवतो. मृगाच्या पोटातल्या तीन चांदण्यांना लोक बाण म्हणतात. पोथी म्हणते, बाण सुटलाच नाही. फराळ आटोपून मुलांना अंगणात न्याल, तेव्हा त्यांना ही गोष्ट सांगा. उपासाचे पुण्य मागाहून सांगितले तरी चालेल. आधी हे सांगा, की त्याने तिला जाऊ दिले.