सगळीच भीती काढू नकोस

हे प्रभू येशू,

तुझ्या पहिल्या मंडळीने यरुशलेमात केलेली एक प्रार्थना मला नेहमी आठवते. पेत्र आणि योहान यांना न्यायसभेने दम देऊन सोडलं होतं, तुझ्या नावाने पुन्हा तोंड उघडायचं नाही म्हणून. ते दोघे आपल्या माणसांत आले, घडलेलं सांगितलं आणि सगळे मिळून प्रार्थनेला लागले. दम देणाऱ्यांचं वाटोळं कर, असं कुणी म्हटलं नाही. आम्हाला कुठे सुरक्षित गावी ने, असंही नाही. त्यांच्या धमक्यांकडे तू पाहा आणि आम्हाला बोलायला धैर्य दे, असं त्यांनी मागितलं. मीही तेच मागायला आले आहे. माझी न्यायसभा मात्र अगदीच लहान आहे. ऑफिसात डबा खायला जमणाऱ्या चौघीजणी, सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप, शेजारच्या काकू.

यांच्यातलं कुणी मला तुरुंगात टाकणार नाही. संविधानाच्या 25व्या कलमाने आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. पण कलमाने जीभ सुटत नाही, प्रभू. नाताळात घरोघर केक आणि करंज्या पोचवताना मला काही वाटत नाही. करंजी खाता खाता कुणी सहज विचारतं, ‘तुमच्यात नेमकं काय मानतात गं?’ आणि माझ्या घशाला कोरड पडते. कारण पुढचे प्रश्न मला आधीच ऐकू येतात. तुम्ही मूळचे कोण? म्हणजे जात कुठली? आजोबांना धर्म बदलताना काय मिळालं होतं? मग मी नाताळच्या चांदणीबद्दल बोलते, केकच्या कृतीबद्दल बोलते, तुझ्याबद्दल सोडून सगळ्याबद्दल बोलते.

अशा वेळी उपदेशात तुला नाकारणाऱ्या पेत्राचं उदाहरण ठरलेलं असतं. मला मात्र योहानाच्या शुभवर्तमानातल्या त्या आईबापांचं जास्त कळतं. जन्मापासून आंधळा असलेला त्यांचा मुलगा तू डोळस केलास. घरात केवढा आनंद झाला असेल! आणि चौकशी सुरू झाल्यावर ते म्हणाले, तो वयात आला आहे, त्यालाच विचारा. त्यांना वाळीत पडायची भीती होती, हे योहान स्पष्ट लिहितो. वाळीत पडणं म्हणजे काय, हे आमच्या मराठी मुलखाला वेगळं सांगायला नको. पाणवठा बंद, सोयरीक बंद, मयताला खांदा द्यायला माणूस नाही. त्या दोघांना तू त्या प्रसंगात एका शब्दाने दोष दिला नाहीस, याचा मला फार आधार वाटतो. पण मुलगा मात्र बोलला. धर्मशास्त्राच्या प्रश्नांना त्याच्याकडे उत्तरं नव्हती. आपल्याला पूर्वी दिसत नव्हतं आणि आता दिसतं, या एका गोष्टीला धरून तो शिकल्यासवरल्या लोकांपुढे उभा राहिला. मला तेवढं दे. त्रैक्य समजावून सांगता येत नाही म्हणून गप्प बसायची सवय मोड. आईच्या आजारपणात तू माझ्याजवळ होतास, हे तर मला सांगता येईल ना?

आणि प्रभू, भीती फक्त माझ्याच बाजूला आहे असं मी समजू नये. समोरचाही दचकलेला असतो. ही आता आपल्या देवांना नावं ठेवणार, आपल्याला ओढायला बघणार, असं त्याला वाटत असतं. ते वाटणं हवेतून आलेलं नाही. फादर स्टीफन्स यांनी ओवीत रचलेलं ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली छापलं गेलं, ते आम्ही अभिमानाने सांगतो. पण ते ज्या गोव्यात झालं, तिथेच 1560 पासून इन्क्विझिशनचं धर्मन्यायालय बसलं होतं आणि ते कायमचं उठायला 1812 साल उजाडलं. तुझं नाव सत्तेच्या जोरावर घेतलं गेलं, त्याची आठवण लोकांच्या मनात राहणारच. तिचा राग न येण्याइतकं मोठं मन मला दे.

कवी नारायण वामन टिळकांची गोष्ट मी पुष्कळदा ऐकली आहे. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक गोरा प्रवासी भेटतो, काव्याच्या गप्पा निघतात, उतरण्याआधी तो नव्या कराराची प्रत त्यांच्या हाती ठेवतो. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्या प्रवाशाला तेव्हा भीती वाटली होती का, हे मला तुला विचारायचं आहे. अनोळखी विद्वान ब्राह्मणापुढे पुस्तक धरताना त्याचा हात कापला असेल, असं मानायला मला आवडतं. पण या गोष्टीचा दुसरा भाग आम्ही घाईने सांगतो. टिळकांच्या त्या निर्णयाने त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला काय आलं, ते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे. विरह, अपमान, लोकांचे टोमणे. त्याही पुढे ख्रिस्ती झाल्या, पण त्यांच्या वेळी, त्यांच्या डोक्याने विचार करून. म्हणून बोलायचं धैर्य देशील तेव्हा, माझ्या बोलण्याने कुणाच्या घरात काय होऊ शकतं याचं भानही दे.

तर माझी सगळीच भीती काढू नकोस. माझं हसं होईल, मला मागासलेली समजतील, ग्रुपमधून बाजूला करतील, ही भीती ने. ती केवळ माझ्या मानपानाची आहे. पण खोटं बोलण्याची भीती राहू दे. घडलेल्या गोष्टीला तिखटमीठ लावून साक्ष रंगवण्याची भीती राहू दे. दवाखान्यात खाटेवर पडलेल्या माणसाच्या अगतिकतेचा फायदा घेण्याची, मदतीच्या पिशवीबरोबर अट घालण्याची, दुसऱ्याच्या श्रद्धेची टिंगल करण्याची भीती तर वाढव. आपल्या आशेबद्दल कुणी विचारलं तर सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्या, असं पत्रात लिहिणारा पेत्रच होता. दासीपुढे शपथा वाहून तुला नाकारणाऱ्या माणसाला सौम्यतेची किंमत कळली होती. मोठ्या आवाजात प्रचार करणाऱ्या आम्हा काहींना ती अजून कळलेली नाही, असं मला स्पष्ट वाटतं.

काकूंनी विचारलं तर मला विषय बदलू देऊ नकोस. त्यांनी विचारलं नाही तर माझ्याकडून त्यांच्या औषधपाण्याची चौकशी चुकू देऊ नकोस, आणि ती चौकशी कसलं गळ टाकणं होऊ देऊ नकोस. त्यांनी माझं ऐकून मान हलवली आणि संध्याकाळी नेहमीसारखा दिवा लावला, तरी आमची वाटीभर साखरेची देवघेव चालू राहू दे.

आणि ज्यांना तुझ्या नावाची खरी किंमत मोजावी लागते, त्यांना सांभाळ. घरातल्या प्रार्थनेमुळे ज्यांचा गावात पाणवठा तुटला, ज्यांना कामावर बोलावणं बंद झालं, ज्यांच्या मुलींची लग्नं अडली, त्यांच्या हाताला काम दे, त्यांच्या मुलांची शाळा सुटू देऊ नकोस, आणि रात्री दारावर थाप पडली तर त्यांच्याजवळ राहा. त्यांना त्रास देणाऱ्यांचंही भलं कर.

तुझ्याच नावाने मागते. आमेन.